रायफलचा नेम शिकताना कुणाचं ऐकायचं?

गेल्या रविवारी नेमबाजीच्या रेंजवर नववीतल्या एका मुलीनं शॉट मारला. आमच्याकडे पहिलं वर्षभर मुलांच्या मॉनिटरवर, म्हणजे शॉट कुठे लागला ते दाखवणाऱ्या पडद्यावर, पुठ्ठा टांगलेला असतो. शॉट सुटला की तो कुठे गेला असेल ते आधी मोठ्यानं सांगायचं, मग पुठ्ठा बाजूला करायचा. याला शॉट कॉल करणं म्हणतात. ती म्हणाली, “आठ, तीन वाजता.” म्हणजे घड्याळात तीनचा आकडा असतो त्या बाजूला, उजवीकडे, आठच्या रिंगमध्ये. पुठ्ठा उचलला तर समोर 10.4.

ती टाळ्याच वाजवायला लागली. मी म्हटलं, “वहीत लिही, कॉल चुकला.”

“पण ताई, दहा लागलाय ना?”

मागे पुढच्या बॅचची मुलं खोळंबली होती, त्यामुळे दोन वाक्यांत सांगून भागवावं लागलं. पूर्ण उत्तर इथे लिहिते. “रायफल शिकायची तर कुणाचं ऐकायचं, व्हिडिओ बघून जमेल का, क्लास लावायचा का,” असं आठवड्यातून एकदा तरी कुणी पालक विचारतातच, आणि त्याचं उत्तर मला त्या 10.4 मध्येच दिसतं.

आधी आपण मारतोय ते लक्ष्य केवढं आहे ते पाहू. 10 मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, बॉलपेननं दिलेल्या पूर्णविरामाएवढा. छरा साडेचार मिलिमीटर व्यासाचा. छऱ्याची कड त्या ठिपक्याला नुसती शिवली तरी दहा मिळतात. हिशेब केला की कळतं, छऱ्याचं केंद्र टार्गेटच्या केंद्रापासून अडीच मिलिमीटरच्या आत पडायला हवं. त्या अडीच मिलिमीटरचे पुन्हा दहा भाग पाडलेले असतात, 10.0 पासून 10.9 पर्यंत. म्हणजे दर पाव मिलिमीटरला दशांश बदलतो. आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या पात्रता फेरीत असे 60 शॉट 75 मिनिटांत मारायचे असतात आणि सगळे 10.9 गेले तर बेरीज 654 होते.

आता रायफलकडे या. डोळ्याजवळ पीप असतं, म्हणजे बारीक छिद्राची चकती. नळीच्या टोकाला फोरसाइट असते, तिच्यात एक रिंग. पीपमधून बघितलं की फोरसाइटचा गोल, त्याच्या आत रिंग, आणि रिंगच्या आत टार्गेटचं काळं वर्तुळ असे गोलात गोल दिसतात. पीप आणि फोरसाइटमध्ये साधारण 80 सेंटिमीटर अंतर धरू. समजा तुमची फोरसाइट पीपच्या बरोबर मधोमध न राहता 0.2 मिलिमीटर बाजूला सरकली, म्हणजे दोन-तीन केसांच्या जाडीएवढी. शाळेतलं त्रैराशिक मांडा. 80 सेंटिमीटरला 0.2 मिलिमीटर, तर 10 मीटरला किती? अडीच मिलिमीटर. दहाची सगळी जागा तेवढ्यातच संपली.

उलट, पीप आणि फोरसाइट एका रेषेत ठेवून अख्खी रायफल एक मिलिमीटर उजवीकडे सरकली, तर छराही एकच मिलिमीटर उजवीकडे जातो. डोलणं माफ आहे, वाकडं होणं महाग पडतं. नवीन मुलाला हे कुणी सांगितलेलं नसतं. त्याला काळं वर्तुळ हलताना दिसतं, म्हणून तो सगळं लक्ष काळ्यावर लावतो आणि जवळचे गोल एकमेकांपासून कधी सरकले ते त्याला कळतच नाही. खरं तर नजर रिंगवर स्पष्ट हवी. काळं जरासं पुसट दिसलं तर चालतं.

हे गणित इतकं सविस्तर सांगितलं, कारण सल्ला पारखायला तेच कामी येतं. मी कॉलेजमध्ये एन.सी.सी.तून .22 रायफल (काडतुसाची, पॉइंट टू-टू) शिकले, जमिनीवर आडवी होऊन. पुढे उभ्यानं एअर रायफल मारायला लागले तेव्हा एका वयस्क, अनुभवी गृहस्थांनी मला चार गोष्टी सांगितल्या. डावा डोळा गच्च मिटायचा. बट, म्हणजे रायफलचा मागचा भाग, खांद्यात आवळून धरायचा. श्वास रोखून ठेवायचा. आणि काळं मधोमध आलं रे आलं की ट्रिगर मारायचा. मोठ्या बोअरच्या, म्हणजे रुंद नळीच्या, बंदुकांवर त्यांचं आयुष्य गेलं होतं, बोलण्यात खोट नव्हती. आठ महिने मी इमानानं तसंच केलं आणि आठ महिने माझा स्कोअर जागचा हलला नाही.

चूक त्यांच्या अनुभवात नव्हती. तो अनुभव दुसऱ्या बंदुकीचा होता. मोठ्या बंदुकीचा धक्का जबर असतो, तिथे बट खांद्यात घट्ट घ्यावाच लागतो. एअर रायफलला धक्का जवळजवळ नसतोच, मग आवळलेला खांदा फक्त थरथर देतो. एक डोळा गच्च मिटला की चेहऱ्याचा तो अर्धा भाग ताठतो आणि दुसरा डोळाही लवकर दमतो. म्हणून नेमबाज दोन्ही डोळे उघडे ठेवतात आणि नेम न धरणाऱ्या डोळ्यापुढे एक अपारदर्शक पट्टी लावतात. श्वास छाती भरून रोखायचा नसतो. सावकाश सोडल्यावर आपोआप जी विश्रांती येते, तिच्यात सहा-आठ सेकंद मिळतात, तेवढ्यातच काम करायचं. आणि “आलं रे आलं की मार” यानं बोटाबरोबर सगळा पंजा आवळला जातो आणि त्या क्षणी फोरसाइट सरकते. 0.2 मिलिमीटर कितीसं असतं, ते वर पाहिलंच.

म्हणून कुणीही काही सांगितलं की मी आधी हे बघते, की सांगणाऱ्याची बंदूक कोणती, अंतर किती, तो उभा की आडवा. मग हे, की तो ‘का’ सांगतो का. आणि शेवटी, ते मला दहा शॉटमध्ये तपासून बघता येईल का. फोनवरचे बहुतेक व्हिडिओ पहिल्याच प्रश्नाला अडतात. शिकारीची, सैन्याची, दुर्बीण लावलेल्या बंदुकीची माहिती त्यांत असते, आणि आपलं मूल साडेचार-पाच किलोची मॅच रायफल घेऊन उभं असतं. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाची नियमावली मात्र सगळ्यांनी वाचावी. कंटाळवाणी वाटेल, पण रायफलचं वजन जास्तीत जास्त किती चालतं (5.5 किलो), नेमबाजीचं जाकीट किती जाड शिवायचं, साइटर म्हणजे मोजणीआधीचे चाचणीचे शॉट कधी मारायचे, यावर ऐकीव गप्पा फार चालतात आणि त्या नियमावलीत एका ओळीत मिटतात.

मुंबईत तर याबाबतीत आपण भाग्यवान आहोत. वरळीच्या रेंजवर प्रशिक्षक संजय चक्रवर्तींच्या हाताखाली अंजली भागवत, दीपाली देशपांडे, सुमा शिरूर तयार झाल्या. अंजली भागवत एन.सी.सी.तून या खेळात आल्या आणि 2000 मध्ये सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचल्या. सुमा शिरूर यांनी 2004 मध्ये क्वालालंपूरला आशियाई नेमबाजी अजिंक्यपद स्पर्धेत, तेव्हाच्या पात्रता फेरीत, चारशेपैकी चारशे गुण मिळवले. आणि 2024 च्या ऑगस्टमध्ये पॅरिस ऑलिंपिकला 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, आडवं आणि उभं राहून) ब्राँझ मिळवणाऱ्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडेच. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील 2022 मध्ये कैरोत 10 मीटर एअर रायफलचा जगज्जेता झाला. एकानं शिकवलेलं दुसऱ्यानं स्पर्धेत पडताळलं, सुधारलं आणि तिसऱ्याला दिलं, अशी ही साखळी आहे. अशा साखळीतून आलेल्या माणसाचं मी आधी ऐकेन. तरीही ते माझ्या वहीत तपासून बघेन.

आता शिकण्यातला जो भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो त्याकडे येते. तो म्हणजे उभं राहणं.

ससून डॉकला मासळीची पाटी डोक्यावर घेऊन चालणाऱ्या कोळणी बघा. मान सरळ, पाठ सरळ, पाटी कवटीवर आणि मणक्यावर. तेवढंच वजन हात पुढे करून धरायला सांगितलं तर दोन मिनिटांत हात कापायला लागतील. रायफलचंही तेच आहे. उजव्या हाताच्या नेमबाजाचा डावा दंड बरगड्यांना टेकतो, कोपर कमरेच्या हाडावर किंवा त्याच्या जवळ बसतं, आणि वजन मनगट, कोपर, कंबर, पाय असं हाडाहाडांवरून जमिनीत उतरतं. स्नायू जितके कमी राबतील तितकी थरथर कमी.

असं उभं राहून नेम जुळवा. आता डोळे मिटा. दोन-तीन श्वास घ्या, खांदे सैल सोडा. डोळे उघडा. रायफल कुठे बघतेय? बहुतेक नवीन मुलांची टार्गेटच्या डावीकडे किंवा उजवीकडे गेलेली असते. ती जिथे गेली, ती तुमच्या शरीराची खरी दिशा. डोळे उघडे असताना तुम्ही तिला स्नायूंनी ढकलून टार्गेटवर आणून ठेवलं होतं. ट्रिगर दाबताना लक्ष बोटाकडे जातं, ढकलणारा स्नायू क्षणभर सैल पडतो आणि रायफल आपल्या घरी परत जाते. अशा वेळी हातानं ढकलायचं नाही, पावलं सरकवायची. टाच बोटभर इकडे, पंजा थोडा तिकडे, पुन्हा डोळे मिटायचे, पुन्हा बघायचं. पहिल्या महिन्यात मी मुलांकडून छऱ्याशिवाय एवढंच करून घेते. पालक कधीकधी नाराज होतात, फी भरूनही मूल गोळी मारत नाही म्हणतात. मला मात्र या महिन्याइतका उपयोगी महिना पुढे वर्षभर दिसत नाही.

श्वासाच्या त्या सहा-आठ सेकंदांत शॉट सुटला नाही, तर रायफल खाली घ्यायची. हे ऐकायला सोपं आणि करायला फार कठीण आहे. एवढा वेळ धरून ठेवली, आता मारूनच टाकू असं वाटतं, आणि तेव्हाच सात-आठ लागतात. 60 शॉटला 75 मिनिटं म्हणजे एका शॉटला सव्वा मिनिट. खाली घेऊन परत उचलायला पुरेसा वेळ असतो.

ट्रिगर दाबल्यावरही लगेच हलायचं नाही. छरा सेकंदाला साधारण 170 मीटर वेगानं जातो, म्हणजे टार्गेटवर पोचायला त्याला सेकंदाचा सहा शतांश भाग लागतो. नळीतून बाहेर पडायला त्याहून फारच कमी. पण “कुठे लागला?” म्हणून मान उचलायची सवय लागली की ती मान हळूहळू छरा नळीत असतानाच उचलली जाते. म्हणून शॉटनंतर दोन सेकंद तसंच बघत राहायचं. याला फॉलो थ्रू म्हणतात. त्या दोन सेकंदांत आपल्याला एक चित्र मिळतं. शॉट सुटला त्या क्षणी रिंग कुठे होती, त्याचं. कॉल करायचा तो त्या चित्रावरून.

आता पुन्हा त्या मुलीकडे येते. तिनं उजवीकडे आठ कॉल केला आणि दहा आला. याला दोन कारणं असू शकतात. एक म्हणजे शॉट सुटताना तिचे डोळे मिटले असतील आणि तिनं कॉल अंदाजानं केला असेल. दुसरं म्हणजे तिनं पाहिलं ते खरं असेल, रायफल खरंच उजवीकडे होती, पण साइटच, म्हणजे स्क्रूनं सरकवता येणारं ते पीपच, डावीकडे लावलेलं असेल. पहिलं असतं तर तिच्या वहीतले चुकलेले कॉल चारी दिशांना विखुरलेले दिसले असते. मी आदल्या दिवसापासूनच्या नोंदी बघितल्या. पेन्सिलनं लिहिलं होतं, “कॉल दहा, आला 9.1, नऊ वाजता.” खाली तीन ओळींवर पुन्हा, “कॉल दहा, आला 9.2, नऊ वाजता.” सगळ्या चुका एकाच बाजूला, सगळ्या साधारण तेवढ्याच. विचारल्यावर तिनं सांगितलं. शनिवारी एक शॉट उजवीकडे सातमध्ये गेला म्हणून तिनं साइटचा स्क्रू भराभर फिरवला होता.

एका शॉटवरून साइट कधीच फिरवू नये. एका भोकात साइटची चूक किती आणि तुमच्या डोलण्याची किती, हे वेगळं काढता येत नाही. पाच शॉट मारा, त्यांचं ग्रुपिंग, म्हणजे भोकं कुठे जमलीत ते बघा, ग्रुपचा मध्य शोधा. पाचांच्या सरासरीत डोलण्याचा परिणाम निम्म्याहून कमी उरतो आणि साइटची चूक आहे तेवढीच राहते, म्हणून ती दिसते. आणि त्या पाचांतला एखादा शॉट तुम्ही आधीच “वाईट” म्हणून कॉल केला असेल तर तो सोडून द्या. आम्ही तिची साइट परत जागेवर आणली. तो 10.4 म्हणजे चुकीच्या साइटनं चुकीचा शॉट झाकला होता. ती त्यावर खूश राहिली असती, तर यापुढे चांगला मारलेला प्रत्येक शॉट तिला चुकलेला वाटला असता आणि तिनं आपली चांगली पद्धत मोडली असती.

अनुभवातून शिकणं म्हणतात त्याचा या खेळात मला एवढाच अर्थ लागतो. दोनशे छरे मारून घरी गेलात आणि वहीत काही नाही, तर फक्त दोनशे छरे संपले. चाळीस मारा, पण प्रत्येकाचा कॉल लिहा.

घरच्या सरावाबद्दल थोडं. मुंबईतल्या फ्लॅटमध्ये सलग 10 मीटर कुणाकडे असणार? गरजही नाही. छऱ्याशिवायचा सराव, ज्याला सगळे ड्राय म्हणतात, तो 3 मीटरवर होतो. टार्गेटचं काळं वर्तुळ 30.5 मिलिमीटरचं असतं, 3 मीटरवर त्याऐवजी 9 मिलिमीटरचा काळा ठिपका भिंतीवर चिकटवा, डोळ्याला जवळजवळ तेवढाच दिसतो. त्या खोलीत छऱ्यांचा डबा आणायचाच नाही, नळी रिकामी आहे हे दर वेळी स्वतः बघायचं, आणि खिडकीकडे किंवा माणूस ये-जा करतो त्या दाराकडे नळी कधीही करायची नाही. ड्रायसाठी मॅच रायफलला वेगळी सोय असते, तीच वापरा. स्प्रिंगची साधी एअर गन छऱ्याशिवाय मारू नका. समोर हवेला अडथळा नसला की पिस्टन जोरात आपटतो. आमच्या इमारतीतल्या एका मुलानं दिवाळीच्या सुट्टीत रोज तसा सराव केला आणि सुट्टी संपायच्या आत बंदूक दुरुस्तीला गेली.

खरेदीची घाई नकोच. निदान सहा महिने क्लबची रायफल वापरा. वाढत्या वयात जाकीटही वर्षभरात आखूड होतं. 4.5 मिलिमीटर बोअरच्या आणि 20 ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफलला सध्याच्या नियमांत परवाना लागत नाही, .22 ला लागतो. मॅच एअर रायफलची ऊर्जा साडेसात ज्यूलच्या आसपास असते. तिनंही डोळा कायमचा जाऊ शकतो, म्हणून परवाना नाही याचा अर्थ खेळणं असा कुणी घेऊ नये. लोकलमधून नेताना ती बंद केसमध्येच असावी, आणि क्लबचं ओळखपत्र वरच्या कप्प्यात.

पावसाळ्यात आपल्याकडच्या हवेनं कॅनव्हास आणि चामड्याची जाकिटं मऊ पडतात, पाठीचा आधार कमी होतो आणि जुलैमध्ये मुलं म्हणतात, माझं काहीतरी बिघडलंय. वहीत हवाही लिहीत जा. घरी आल्यावर जाकीट बॅगेतून काढून पंख्याखाली टांगा, नाहीतर आठवड्यात बुरशी धरते. आणि छरे शिशाचे असतात, तेव्हा साबणानं हात धुतल्याशिवाय डब्याला किंवा वडापावला हात लावायचा नाही. लहान मुलांच्या बाबतीत मी यात कुणाचंही ऐकत नाही.

क्लास निवडायचा असेल तर नाव घालण्याआधी एक तास कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून बघा. रायफली खाली ठेवल्या की नळीत सुरक्षेची रंगीत दोरी दिसते का? नळ्या कायम टार्गेटच्या बाजूला असतात का? “स्टॉप” म्हटल्यावर सगळी मुलं खरंच थांबतात का? मग प्रशिक्षकांकडे बघा. मुलानं शॉट मारला त्या क्षणी त्यांची नजर मॉनिटरवर असेल, तर आणखी एक-दोन रेंज पाहून या. मुलाच्या पावलांवर, खांद्यावर, ट्रिगरच्या बोटावर असेल, आणि शॉटनंतर ते पहिलं “कुठे गेला?” असं मुलालाच विचारत असतील, तर फॉर्म भरा.